मदत हवी आहे: स्पायडर-मॅनमध्ये झोक्याचा वेग टिकत नाही, मारामारीत घेरली जाते

ऐरोलीची

नमस्कार मंडळी. पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर इन्सोम्नियॅक कंपनीचा २०१८ चा 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' खेळतेय. कथा पुढे सरकतेय, पण दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

एक म्हणजे झोके. कंट्रोलरवरचं आर२ बटण दाबून धरते, जाळं चिकटतं, झोकाही बसतो, पण वेग काही वाढत नाही. टास्कमास्टर या खलनायकाच्या आव्हानांमध्ये ठरलेल्या वेळात बॉम्ब निकामी करायचे असतात, तिथे शेवटचा बॉम्ब राहतोच. सेंट्रल पार्क या मोठ्या बागेत तर सरळ जमिनीवर येते.

दुसरं, फिस्क या गुंडांच्या म्होरक्याचे अड्डे. बांधकामाच्या जागेवर एकामागून एक टोळ्या येतात. आधी मी 'बॅटमॅन: आर्कम सिटी' मनापासून खेळले आहे. तिथे डोक्यावर खूण दिसली की ट्रँगल दाबायचा, काउंटर (उलटवार) बसतो, कॉम्बो (सलग फटक्यांची साखळी) चालू राहतो. इथे तसं उभं राहून वाट बघितली की कुठून तरी रॉकेट येऊन आदळतं.

डिफिकल्टी कमी करता येते हे माहीत आहे, पण तो सल्ला कृपया नको. संध्याकाळी घरी आल्यावर जेमतेम तासभर मिळतो, आणि मॅनहॅटनवरून असं उडत जाणं मला फार आवडतं. ते नीट यायला हवंय.

उपवन_ठाणे

ताई, झोक्याचं मी सांगतो. आर२ शेवटपर्यंत धरून ठेवू नका. बागेतल्या झोक्यावरून उडी मारताना कुठे हात सोडायचो ते आठवा, अगदी तसंच आहे. झोका तळाला येऊन पुढे सरकू लागला की सोडलं तर पुढे फेकले जाता. पार वरच्या टोकाला सोडलं तर उंची मिळते, पण वेग जातो. सोडताना एक्स दाबलात की आणखी एक धक्का मिळतो.

मग हवेत एल३ (डावी काठी आत) दाबा आणि खाली सूर मारा. रस्ता अंगावर येईपर्यंत थांबा आणि मगच आर२. छाती धडधडते, पण २०१८ च्या गेममध्ये कितीही उंचावरून पडलात तरी काही लागत नाही, त्यामुळे बिनधास्त. उंची खर्च करायची, वेग कमवायचा, त्या वेगावर परत उंची गाठायची. हे चक्र बसलं की बॉम्बच्या आव्हानात वेळ उरेल.

गच्चीच्या कठड्यावर किंवा पाण्याच्या टाकीवर एल२ आणि आर२ एकत्र दाबून झेपावता येतं. पाय टेकतात त्याच क्षणी एक्स दाबा, न थांबता पुढे उडाल. वळणावर मी झोक्यापेक्षा यावर जास्त भरवसा ठेवतो.

सेंट्रल पार्कात तुमचं काही चुकत नाहीये. जाळं खरोखरच कशाला तरी चिकटावं लागतं, आणि तिथे झाडंच आहेत. दोर आखूड, झोका बुटका. जुन्या स्पायडर-मॅन गेम्समध्ये जाळं आकाशातच कुठेतरी अडकायचं. २००४ मध्ये ट्रेयार्क कंपनीच्या 'स्पायडर-मॅन २' ने ते इमारतींना चिकटवलं आणि झोक्याला वजन आलं. माझ्या मते सुपरहिरो गेम्समधली ती सगळ्यात मोठी झेप. पार्क ओलांडायचं तर कडेच्या उंच इमारतीवरून सूर मारून शिरा आणि मध्ये हवेत एक्स दाबून पुढे ओढून घ्या.

कळवा_नाका

मारामारीबद्दल. या गेममध्ये काउंटरचं बटणच नाही. सर्कल म्हणजे चुकवणं. डोक्याभोवती स्पायडर-सेन्सच्या (धोक्याची चाहूल देणाऱ्या) रेषा चमकल्या की शेवटच्या क्षणी सर्कल दाबा, फोकस नावाची शक्तीची पट्टी भराभर भरते. फोकस डी-पॅड खाली दाबून जीव भरायला वापरता येतो, किंवा पट्टी पूर्ण भरली की ट्रँगल आणि सर्कल एकत्र दाबून एकाला कायमचा झोपवता येतो. नवीन असाल तर जीवच भरा.

आणि जमिनीवर थांबूच नका. स्क्वेअर दाबून धरला की समोरचा वर उडतो आणि तुम्हीही त्याच्याबरोबर वर जाता. तिथे खालच्यांचे ठोसे पोचत नाहीत. गोळ्या मात्र पोचतात, म्हणून टोळी आली की आधी बंदूकवाले आणि रॉकेटवाले शोधा आणि ट्रँगलने थेट त्यांच्यावर झेप घ्या. भिंतीजवळ कोणी उभा दिसला तर आर१ ने जाळं मारत राहा, भिंतीला चिकटला की तो लढाईतून बाद. धिप्पाड गडी वर उडत नाहीत, त्यांना आधी जाळ्यात गुंडाळा, मग ठोसे. ढालवाल्याच्या पायांमधून सर्कलने घसरून मागे जायचं.

ऐरोलीची

दोघांचे मनापासून आभार! सुराचं जमलं. एका अड्ड्यावर गच्चीवरच्या रॉकेटवाल्याला आधी गाठलं आणि तिथून खाली न उतरताच पुढच्याला उचललं. शेवटची टोळी पहिल्यांदाच संपवली.

अजून एक विचारते. वाशीला भावाकडे पीएस५ आहे, त्यावर इन्सोम्नियॅकचाच २०२३ चा 'स्पायडर-मॅन २' आहे. तिथे हीच सवय चालेल ना?

कळवा_नाका

चालेल, पण तिथे एल१ वर पॅरी (वार अडवणं) आहे आणि काही वार नुसते चुकवून भागत नाही, अडवावेच लागतात. आर्कमची सवय तिथे उपयोगी पडेल, फक्त ट्रँगलऐवजी एल१ वर बोट न्या.

उपवन_ठाणे

त्या नव्या गेममध्ये ट्रँगलने जाळ्याचे पंखही उघडतात, पार्क आणि नदी ओलांडायला उत्तम. सेटिंग्जमध्ये झोक्याला मिळणारी मदत शून्यापर्यंत कमी करता येते आणि पडून लागणंही चालू करता येतं. आधी मदत थोडीच कमी करून बघा ताई, आणि इथे कळवा.