बाल्डविनचे निबंध आजही एवढे का भिडतात?

केतकी_वाचते:
अमेरिकन काळा लेखक जेम्स बाल्डविनचा निबंधसंग्रह 'नोट्स ऑफ अ नेटिव्ह सन' काल संपवला आणि अजून त्यातून बाहेर येता येत नाहीये. पुस्तक १९५५ चं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांवर त्या काळात रिपोर्ट, भाषणं काय कमी झाली का, पण त्यातलं बरंचसं आता फक्त अभ्यासक उघडून बघतात. मग एका माणसाने स्वतःच्या घराबद्दल लिहिलेलं सत्तर वर्षांनी पुण्यात बसून वाचताना एवढं का लागतं? वंशभेद संपला नाही म्हणून, की लिहिण्यातच काही आहे?

प्रशांत_नागपूर:
संपला नाही म्हणूनच. २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने मारलं तेव्हा लोक परत बाल्डविनच वाचायला लागले ना. त्याने पुतण्याला लिहिलेलं पत्र १९६३ च्या 'द फायर नेक्स्ट टाइम' या पुस्तकात आहे, आणि २०१५ मध्ये टा-नेहिसी कोट्स या आजच्या काळ्या लेखकाला स्वतःच्या मुलाला तसंच पुस्तकभर पत्र लिहावं लागलं. परिस्थिती बदलली असती तर ही वेळ आली असती का?

आरती देश:
प्रशांत, अर्धंच पटलं. अन्याय तोच असूनही त्यावरचं कितीतरी लिखाण विसरलं गेलंच की. शीर्षकाचाच निबंध घ्या. २९ जुलै १९४३ ला बाल्डविनचे वडील गेले (खरं तर सावत्र, पण तो वडीलच म्हणतो), त्याच दिवशी धाकटं भावंड जन्मलं, अंत्यविधी नेमका याच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला, आणि गोऱ्या पोलिसाने काळ्या सैनिकाला गोळी घातली म्हणून त्याच सुमारास हार्लेम (न्यूयॉर्कमधली काळ्यांची वस्ती) पेटलेलं, रस्त्यावर काचांचा खच. पण मला खरा हलवणारा भाग न्यू जर्सीच्या रेस्टॉरंटचा वाटतो. वेट्रेस म्हणते इथे निग्रोंना वाढत नाही, हा पाण्याचा मग उचलून फेकतो, तो मागच्या आरशावर फुटतो, हा पळतो. आणि नंतर तो काय लिहितो, तर आपला जीव गेला असता हे एक, आणि आपण कुणाचा तरी जीव घ्यायला तयार होतो हे दुसरं. वडिलांना ज्या कडवटपणाने आयुष्यभर पोखरलं तो आपल्यातही आहे, हे तो लपवत नाही. रिपोर्टात हे कुठून येणार? तिथे अन्याय झालेला माणूस नुसता आकडा असतो, त्याचा राग त्यालाच आतून काय करतो ते कुणी लिहीत नाही.

सातारकर:
आरतीताईंशी सहमत. बाबासाहेबांच्या आठवणींचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलंय का कुणी? १९०१ चा प्रसंग, मसूर स्टेशनवर नवे कपडे घालून उतरलेले लहानगे बाबासाहेब आणि बरोबरची पोरं, स्टेशनमास्तर आधी प्रेमाने चौकशी करतो आणि महार म्हटल्यावर चेहराच बदलतो. बैलगाडीवाला तयार होतो तो दुप्पट भाड्यावर, त्यातही गाडी पोरांनीच हाकायची आणि हा बाजूने चालणार. डबा भरलेला असून पाणी मिळेना म्हणून पोरं रात्री उपाशी झोपली. हे जातीचं आहे, वंशाचं नाही, दोन्ही एक करू नयेत. पण अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, म्हणजे आपल्याकडच्या तरुणांना त्या लढ्यात स्वतःचं काहीतरी दिसलंच होतं.

केतकी_वाचते:
आरतीताई, पाण्याचा मग फेकल्याचा प्रसंग मी घाईत वाचून पुढे गेले होते, आज परत वाचते. यानंतर त्याचं काय घेऊ?

आरती देश:
त्याच पुस्तकातला 'स्ट्रेंजर इन द व्हिलेज' परत घे, स्वित्झर्लंडच्या डोंगरातलं खेडं, जिथे लोकांनी याच्याआधी काळा माणूस पाहिलेलाच नाही. पोरं रस्त्यात ओरडतात, लोक केसांना हात लावून बघतात, त्यांच्या मनात वाईटही नाही, आणि तरी तो अस्वस्थ होतो. एका बैठकीत वाचून होतो. मग १९६३ चं पुतण्याचं पत्र.