सायकल ट्रॅकसाठी आवाज रेकॉर्ड करणं: नागरिकाचा हक्क की दडपण?

पायडल_पुणे

पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केला. त्याआधी २००६ पासून बीआरटीच्या (बससाठी राखीव मार्गिकांच्या) रस्त्यांलगत सायकल ट्रॅक झाले होते. जंगली महाराज रस्ता नव्याने बांधला गेला. पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशा भाड्याच्या सायकली आल्या आणि बहुतेक सगळ्या निघूनही गेल्या. एवढं होऊनही रोज सायकलवर कामाला जाणारा माणूस बसच्या मागे धूर खातच चालवतो.

ट्रॅकवर लावलेल्या गाड्यांचे, मधोमध उभ्या विजेच्या डीपी बॉक्सचे, चेंबरच्या खचलेल्या झाकणांचे फोटो आपण ढिगाने काढलेत. फोटोत एक अडथळा दिसतो. एकामागून एक अडथळे आले की काय होतं, ते त्यात येत नाही. म्हणून म्हणतो, आता आवाज रेकॉर्ड करू या. कॉलरला छोटा माइक, फोन खिशात आणि चालवता चालवता बोलायचं. ऐकताना कळतं: पेव्हर ब्लॉकची खडखड, ब्रेक, "उतरलो, टेम्पो उभा आहे", परत चढणं, जेमतेम वेग येतो तोच पुन्हा ब्रेक. ट्रॅक असूनही लोक रस्त्यावरून का चालवतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे, जे नाइलाजाने सायकल चालवतात त्यांचे आवाज. वॉचमन, घरकामाला जाणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर. हरकती-सूचनांच्या सुनावणीला यांच्यापैकी कोणी येत नाही, कारण ती कामाच्या वेळेत असते. रात्रपाळीच्या एका वॉचमनने मला सांगितलं, "पुलावर बाजूला व्हायला जागाच नाही. मागचा हॉर्न मारत राहतो, मी पायडल मारत राहतो. उतरू कुठं?" हे एका बैठकीत वाजवलं, तर समोरच्या अभियंत्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठला पूल?" आणि वहीत लिहून घेतलं. आमच्या अर्जांना असा प्रश्न कधी आला नव्हता.

माझी तिसरी सूचना काहींना खटकेल. स्थळपाहणी आणि कार्यालयातल्या बैठकाही रेकॉर्ड कराव्यात. "आठ दिवसांत बोलार्ड लावतो" (म्हणजे गाड्या अडवणारे खांब) हे जागेवर उभं राहून सांगितलं जातं, इतिवृत्तात मात्र ते नसतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात प्रश्न विचारायला निवडून दिलेलं सभागृहच नव्हतं. तोंडी शब्दाला साक्षीदार लागतो.

निवृत्त_अभियंता

पहिल्या दोन गोष्टी जरूर करा. तिसरीला माझा ठाम विरोध आहे.

पाहणीला येतो तो कनिष्ठ अभियंता (जेई). निधी कुठल्या लेखाशीर्षातून येणार, वाहतूक पोलिसांची ना-हरकत कधी मिळणार, पार्किंग हलवायचं की नाही, यातलं काहीही त्याच्या हातात नसतं. माइक दिसला की तो "वरिष्ठांना कळवतो" एवढंच बोलेल. माइक नसेल तर तोच माणूस सांगतो की फाइल कोणाच्या टेबलावर अडकली आहे आणि विरोध कुणाचा आहे. रेकॉर्डिंगने तुम्ही नेमकी ही माहिती गमावता. वर ती क्लिप फिरली की नोटीस त्यालाच.

तुम्हाला कागद हवेत ना? राज्य सरकारच्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे)मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. मोजमाप पुस्तक (एमबी) मागा. ट्रॅक किती मीटर झाला, किती जाडीचं काँक्रीट पडलं, ते सगळं एमबीत असतं आणि बिल त्यावरूनच निघतं. एमबीतली लांबी आणि जागेवरची लांबी टेपने ताडून बघा. त्यापुढे कुठलीही क्लिप फिकी आहे.

कलम_बोलतं

कायद्याची बाजू सांगतो, वकिली हाच माझा व्यवसाय आहे.

आपण स्वतः ज्या संभाषणात आहोत ते रेकॉर्ड करणं हा आपोआप गुन्हा होत नाही. १९७२ च्या आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टेप ग्राह्य धरली. तिथे बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की शासकीय गुपितांच्या कायद्यातल्या 'प्रतिबंधित जागे'त पोलिस ठाणं येत नाही, म्हणजे तिथे चित्रण करणं हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही. पण फोन टेबलावर सोडून बाहेर जायचं आणि इतरांचं बोलणं टिपायचं, हे करू नका.

पुरावा म्हणून टिकवायचं असेल तर मूळ फाइल मूळ फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत मूळ फाइल नसते. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत त्याबद्दलचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमतही (फाइल बदलली तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा) द्यावी लागते. आणि न्यायालयात चालतं ते फेसबुकवर टाकायला मोकळीक आहे, असा अर्थ कोणी काढू नये. बदनामीचा दावा वेगळा लागतो.

सिंहगडरोडवाली

सगळे अधिकाऱ्यांबद्दल बोलताय. मला काळजी त्या बायकांची वाटते.

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या ताई सायकलवर येतात. तुम्ही माइक धरलात तर त्या "नाही" म्हणणार नाहीत, कारण समोर शिकलेला माणूस आहे. बोलता बोलता सांगतील, "उशीर झाला की पैसे कापतात." ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर आली तर नाव नसलं तरी आवाजावरून त्या पाच मिनिटांत ओळखू येतील. काम त्यांचं जाईल. अशा होकाराला मी संमती मानत नाही. कुठे वाजवणार, कोण ऐकणार, नको वाटलं तर पुसणार का, हे आधी सांगा. मग रेकॉर्ड केलेलं त्यांनाच आधी ऐकवा. तेवढा वेळ नसेल तर त्यांचं म्हणणं लिहून घ्या आणि वाचून दाखवा.

दुकानदार_मध्यवस्ती

माझ्या दुकानासमोर ट्रॅक आला आणि गिऱ्हाइकाची गाडी लावायची जागा गेली. त्या ट्रॅकवरून सायकली कमी आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकीच जास्त. मी सायकलच्या विरोधात नाही, माझा मुलगा सायकलनेच शाळेत जातो. पण आवाज गोळा करायचे तर आमचेही घ्या. फक्त सायकलवाल्यांचे ऐकवलेत तर ते अर्धंच चित्र होईल.

आवाजमापक

एक तांत्रिक गोष्ट. रेकॉर्डिंग ऐकवून कोणी "हॉर्न नव्वद डेसिबलचा होता" असं म्हणू नये. फोन आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो, त्यामुळे हॉर्न दबतो आणि शांतता फुगते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ आहे आणि शांतता क्षेत्राची ५० आणि ४०. ती मोजायला प्रमाणित मीटरच लागतो. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये सिग्नलला डेसिबल मीटर जोडून, ८५ च्या वर हॉर्न गेले की लाल दिवा लांबवायचा प्रयोग दाखवला होता. तिथे आकडा मीटरचा होता. आणि माइकला स्पंजचं टोपण घाला, नाहीतर नुसता वारा ऐकू येईल.

पायडल_पुणे

सिंहगडरोडवाली, तुमचं सगळं मान्य. दुकानदारसाहेब, पुढच्या फेरीत तुमच्याकडे येतो, तारीख तुम्ही सांगा.

अभियंतासाहेब, इथे मात्र माझं मत ठाम आहे. तुम्ही ज्याला खाजगीत मिळणारी माहिती म्हणता, ती ओळखीच्या माणसाला मिळते. वॉचमनला जेई काही सांगत नाही. मी चोरून रेकॉर्ड करा म्हणत नाही. माइक टेबलावर, सुरुवातीलाच सगळ्यांची नावं आणि तारीख मोठ्याने आणि त्याच संध्याकाळी "आजच्या चर्चेनुसार" असं पत्र, आवक क्रमांकासह. मग क्लिप कुठे टाकावी लागणारच नाही.

निवृत्त_अभियंता

पत्र आणि आवक क्रमांक एवढंच पुरेसं आहे, माइक कशाला? तुम्ही सज्जन असाल. पुढचा माणूस तीच क्लिप कापून फिरवेल आणि भोगेल तो कनिष्ठ अभियंता. सोमवारी ३ वाजता येणार असाल तर एमबी कशी वाचायची ते मी शेजारी बसून दाखवतो. माइक मात्र बंद ठेवा.

पायडल_पुणे

सोमवारी येतो, माइक बंद. पुढच्या पाहणीला तो सुरू असेल, तेही आधी लेखी कळवून.