मागच्या कंपाउंडचं पार्किंग : ईकोचा सायलेन्सर, स्टेपनी, आरसे

मुक्ता, सी-१०२ (रात्री ९:०५)
नमस्कार मंडळी. स्टिल्टचं वॉटरप्रूफिंग सुरू होतंय, त्यामुळे दीड महिना माझी मारुती ईको व्हॅन मागच्या कंपाउंडला उघड्यावर राहणार. ईकोचे सायलेन्सर चोरीला जातात हे सतत कानावर येतंय. सकाळी ६ ला माझे जेवणाचे डबे निघतात, गाडी एक दिवसही बंद राहून चालणार नाही. आधीच काय करून ठेवू? भिडेकाका, जरा सांगाल का?

भिडेकाका, ए-५०४
मुक्ता, काळजी रास्त आहे. चोराला सायलेन्सरचा पत्रा नको असतो, त्याला हवा असतो त्याच लाइनीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा. आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर असतो. ती जाळी फोडून पावडर विकतात, भंगाराच्या धंद्यात तिला नुसतं ‘माती’ म्हणतात. ईकोच का, तर गाडीचा पोटाखालचा भाग मोकळा आहे. जॅक न लावता माणूस खाली सरकतो, दोन-तीन नट-बोल्ट काढतो, रबरी हँगर ओढतो आणि अख्खा तुकडा हातात येतो. साधा पाना पुरतो. गुजरातेत आणि आपल्याकडे महाराष्ट्रात ईकोच्या अशा चोऱ्यांचे गुन्हे भरपूर दाखल झालेत.

मुक्ता, सी-१०२
गॅरेजवाला म्हणाला, बोल्टवर वेल्डिंगचे टाके मारून देतो, १० मिनिटांचं काम आहे. मारून घेऊ का?

भिडेकाका, ए-५०४
तुझी सीएनजी आहे ना?

मुक्ता, सी-१०२
हो, कंपनी फिटेड.

भिडेकाका, ए-५०४
मग गाडीखाली वेल्डिंग अजिबात नको. गॅसची लाइन आणि पेट्रोलचा पाइप दोन्ही त्याच पट्ट्यात आहेत. पेट्रोल गाडीलाही बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवल्याशिवाय वेल्डिंग करू नये, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. शिवाय पुढे गॅस्केट बदलायची वेळ आली की सगळं कापावं लागतं.

तू असं कर. एक, फ्लॅंजचे (पाइप जोडणाऱ्या कड्यांचे) साधे बोल्ट काढून डोकं तुटणारे बोल्ट टाकून घे. ठरावीक ताकदीपर्यंत आवळले की षटकोनी डोकं तुटून पडतं, मागे गुळगुळीत शंकू उरतो, त्याला पाना बसत नाही. जुना बोल्ट काढून दुकानात घेऊन जा, व्यास, लांबी आणि आटे तिन्ही जुळले पाहिजेत. पण जिथे बोल्टवर स्प्रिंग दिसेल तो सांधा जसा आहे तसाच ठेवायचा. इंजिन हलतं म्हणून तो मुद्दाम लवचीक ठेवलेला असतो. गॅरेजवाले जोरात स्प्रिंग पूर्ण दाबून टाकतात आणि काही महिन्यांत पाइपला तडा जातो.

दोन, लोखंडी पिंजरा. बोल्ट पक्के केले तरी चोर पाइपच कापू शकतो, म्हणून कन्व्हर्टरभोवती जाळी हवी. ती चॅसिसच्या मूळ भोकांतच बोल्टने बसवायची, नवीन भोकं पाडायची नाहीत. कन्व्हर्टरपासून निदान बोटभर अंतर ठेवायचं, तो भाग भयंकर तापतो. ऑक्सिजन सेन्सरची वायर जाळीला घासता कामा नये. त्या भागावर अंडरकोटिंगही मारू देऊ नकोस, तापून जळतं.

तीन, सायलेन्सरच्या पत्र्यावर आणि कन्व्हर्टरच्या कवचावर एनग्रेव्हरने गाडीचा नंबर कोरून घे, ठळक, दोन ठिकाणी. चोरी थांबेल असं नाही, पण माल सापडला तर तो तुझाच आहे हे सिद्ध होतं.

रोहित, बी-४०३
काका, गेलाच तर कळतं कसं? सकाळच्या घाईत गाडीखाली कोण बघतं?

भिडेकाका, ए-५०४
स्टार्ट केल्या केल्या ट्रॅक्टरसारखा आवाज येतो. तिथेच बंद करायची. “गॅरेजपर्यंत नेतो” हे करू नका. धूर मागे जाण्याऐवजी सीटखालीच सुटतो, कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो, त्याला वास नसतो. गरम झोत वायरिंगवरही बसतो. टोइंगच बोलवायचं. आणि स्वस्त म्हणून कन्व्हर्टर नसलेला पोकळ सायलेन्सर बसवू नका. बीएस ६ गाडीत चेक इंजिनचा दिवा लागून राहतो आणि पीयूसीत अडकता. बिल नसलेला ‘सेकंड हँड’ तर घ्यायचाच नाही. चोरीचा माल घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

रोहित, बी-४०३
माझ्या अर्टिगाची स्टेपनी खाली टांगलेली आहे. अलॉयही आहेत.

भिडेकाका, ए-५०४
स्टेपनीला रिमच्या भोकातून चेन किंवा जाड वायर रोप घालून कुलूप लाव. कुलूप पितळी आणि झाकणवालं घे. पावसाळ्यात साधं कुलूप गंजतं आणि पंक्चरच्या रात्री तुझं तुलाच उघडत नाही. दर महिन्याला एकदा उघडून तेलाचा थेंब सोड.

अलॉयला प्रत्येक चाकाला एक लॉक नट, सेटमध्ये ४ येतात. घेताना आटे बघ. मारुतीला १२ बाय १.२५, ह्युंदाईला १२ बाय १.५ (मिलिमीटरमध्ये व्यास आणि आट्यांमधलं अंतर). चुकीचा नटही सुरुवातीला हाताने बसल्यासारखा वाटतो, मग स्टडचे आटे खातो. नटाची बैठक शंकूसारखी की गोल, तेही जुन्या नटाशी ताडून घे. हा नट एअर गनने कधीच काढू द्यायचा नाही, चावीचे दात तुटतात. चावी गाडीतच लागते, पण टूलकिटमध्ये ठेवू नकोस, चोर पहिल्यांदा तिथेच हात घालतो.

नीलिमा, डी-३०३
आरशांचं मी सांगते. गाडी लॉक करताना आरसे मिटायची सवय लावा आणि गाडी अशी लावा की एक आरसा भिंतीकडे जाईल. काच नुसती क्लिपवर असते, म्हणून काचेच्या कोपऱ्यात नंबर कोरून घ्या. नंबरची काच विकायला अवघड जाते.

सगळ्यांत आधी धावपळ मात्र नंबर प्लेटसाठी करायची. आरसा गेला तर पैसे जातात, प्लेट गेली तर तुमच्या नंबरावर दुसरी गाडी फिरू शकते. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) चोरीला गेली तर त्याच दिवशी तक्रार द्या, नवी प्लेट घेतानाही ती लागते.

सचिन, बी-२०१
विम्याबद्दल लिहितो, कारण यात लोकांचा फार गैरसमज असतो. नुसता थर्ड पार्टी असेल तर सुट्या भागाच्या चोरीचा एक रुपया मिळत नाही. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, असेल तर खाजगी कारचा सायलेन्सर बसतो, पण घसारा कापून. ५ ते १० वर्षांच्या गाडीला धातूच्या भागावर ४० टक्के, प्लास्टिक-रबरावर गाडीचं वय काहीही असो ५० टक्के, काचेवर शून्य. समजा बिल ३०,०००. घसारा १२,००० आणि १,५०० सीसीपर्यंतच्या कारची सक्तीची वजावट १,०००. हाती १७,०००. शिवाय नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) जातो, तो ५० टक्क्यांवर पोचला असेल तर छोट्या क्लेमआधी हिशेब मांडा. झिरो डेपची (घसारा न कापण्याची) जोड घेतली असेल तर घसारा वाचतो. मुक्ताताई, तुझी गाडी खाजगी नोंदणीची आणि काम धंद्याचं, यावर कंपनी अडवू शकते. आजच पॉलिसीवरचा वापराचा प्रकार बघ.

तक्रार ऑनलाइन दिली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही. फोटो आधी काढा, कापलेल्या टोकांना हात लावू नका.

सावंत (सेक्रेटरी)
मागच्या बाजूला कॅमेरा ६ आहे. तो पुरेल ना?

नीलिमा, डी-३०३
नाही पुरणार, सावंतकाका. तो पहिल्या मजल्याच्या उंचीवरून खाली बघतो, त्यात गाड्यांचे टप आणि माणसांची डोकी दिसतात. तो १० फुटांवर आणा आणि कंपाउंडच्या दाराकडे तोंड करा, म्हणजे येणाऱ्याचा चेहरा मिळेल. रात्री इन्फ्रारेडमुळे नंबर प्लेट पांढरीफटक दिसते, म्हणून तिथे हालचालीवर लागणारा एलईडी दिवाही हवा.

आणि साठवण बघा. एक कॅमेरा २ एमबीपीएसच्या रेकॉर्डिंगने दिवसाला साधारण २१ जीबी खातो. आपले ८, म्हणजे १७० जीबी. डीव्हीआरमध्ये (रेकॉर्डरमध्ये) १ टीबीची डिस्क आहे, म्हणजे साडेपाच-सहा दिवसांत जुनं पुसलं जातं. एखाद्याला आठवड्याने आरसा गेल्याचं कळलं तर हाती काहीच नाही. ४ टीबी टाकूया. डीव्हीआरचं घड्याळही ११ मिनिटं पुढे आहे, ते आजच लावा. फुटेज पोलिसांना देताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

सावंत (सेक्रेटरी)
डिस्क आणि दिवा उद्या मागवतो. कॅमेरा ६ सकाळी १० ला हलवू, नीलिमा, तू खाली ये. मुक्ता, तू १४ नंबरला लाव, भिंतीला चिकटून. १५ वर रोहितची अर्टिगा राहील.

भिडेकाका, ए-५०४
मुक्ता, सायलेन्सरची बाजू भिंतीकडे येईल अशी उलटी घाल. रोहित, दार उघडण्यापुरतीच जागा सोड. वॉचमनला सांगा, रात्री २ आणि ४ च्या फेरीत टॉर्च गाडीच्या खाली मारायचा, वरून नाही.

मुक्ता, सी-१०२
काका, बोल्ट बदलायला गाडी शनिवारी गॅरेजला नेते. पिंजरा बसवताना तुम्ही याल का? स्प्रिंगचा सांधा कुठला, ते मला तिथेच दाखवा.

भिडेकाका, ए-५०४
येतो. ४ वाजता. इंजिन दोन तास आधी बंद ठेव, गार झाल्याशिवाय हात घालता येणार नाही.