घरच्या देवीचा अभ्यास शोधप्रबंधासाठी करता येईल का?

बालाघाट (प्रश्न)
मी तुळजापूर परिसरातला. समाजशास्त्रात एम.ए. झाल्यानंतर पीएच.डी.साठी तुळजाभवानीच्या मंचकी निद्रेचा विषय घ्यावा, असे मनात आहे. भाद्रपद वद्य अष्टमीला देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेला ती पुन्हा सिंहासनावर येते, हे मी कळत्या वयापासून पाहत आलो आहे. आमच्या घरी आराध्यांची परंपरा असून आजी अजूनही परडी घेऊन जोगवा मागते. श्रद्धा दाराबाहेर ठेवल्याशिवाय लिहिता येणार नाही, असे मार्गदर्शक म्हणतात. घरच्यांना मात्र मी देवीची परीक्षा पाहायला निघालो आहे असे वाटते. धर्माच्या अभ्यासशाखेत या पेचाकडे कसे पाहतात?

गोदाकाठ
हा पेच या शाखेइतकाच जुना आहे. माक्स म्युलर यांनी १८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धर्मांच्या तौलनिक शास्त्रावर व्याख्याने दिली, तेव्हाच त्यांनी सांगून ठेवले होते की, काहींना हा विषय शास्त्राने हात लावू नये इतका पवित्र वाटतो, तर काहींना तो किमयागिरीच्या पंक्तीतला वाटतो. पुढे निनियन स्मार्ट यांनी, ज्यांनी १९६७ मध्ये लँकेस्टर विद्यापीठात धर्माभ्यासाचा विभाग उभा केला, अशी भूमिका मांडली की देवतेच्या सत्यतेचा निर्णय अभ्यासकाने अभ्यासापुरता स्थगित ठेवावा. स्थगित ठेवणे म्हणजे सोडून देणे नव्हे. आपण आराधी घराण्यातले आहात हे पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहा, आणि आजीचे बोलणे टिपायचे असेल तर तिला विचारून, तिच्याच शब्दांत टिपा.

नळदुर्ग
वरील सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे. आतला की बाहेरचा, या वादात आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त शाई खर्च होते. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर हे पूर्णपणे बाहेरचे. तरी धनगरांमध्ये वावरून त्यांनी बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला. रा. चिं. ढेरे याच भाषेत वाढलेले. त्यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये विठ्ठलाचे मूळ गोपालक-धनगरांच्या देवतेत शोधले. दोघांच्या वाटा वेगळ्या असूनही ते एकाच माळरानावर पोहोचले, कारण दोघांनी ओव्या, कथा आणि यात्रा बारकाईने तपासल्या.

आपल्या विषयात खरी सामग्री मानाची आहे. मूर्तीला हात कोण लावतो? भोपे, पाळीकर आणि उपाध्ये या पुजारी घराण्यांच्या वाट्याला नेमके काय येते? दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची पालखी बुऱ्हाणनगरहून आणि दसऱ्यानंतरच्या श्रमनिद्रेचा पलंग घोडेगावहून, म्हणजे इतक्या लांबून, का यावा? या व्यवस्थेचे धागे इनाम जमिनींपर्यंत जातात, आणि १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे केवळ मराठीवर भागणार नाही. मोडी आणि उर्दू शिकायला आजच लागा. माझ्या मते सिद्धांताच्या चार पुस्तकांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

वेरूळकर
तुलना कराल तेव्हा एक सावधगिरी बाळगा. वेरूळची १ ते १२ लेणी बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. या क्रमांकांमुळे आधी बौद्ध, मग हिंदू, शेवटी जैन असा जिना अनेकांच्या डोक्यात पक्का बसतो. वास्तविक क्रमांक टेकडीच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेले आहेत, आणि वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या अभ्यासकांनी २१ व २९ क्रमांकांची शैव लेणी सहाव्या शतकातली, म्हणजे तिथल्या बौद्ध लेण्यांच्या आधीची ठरवली आहेत. त्याच चालीवर, आषाढी ते कार्तिकी विष्णू झोपतो म्हणून देवीची निद्रा त्याची नक्कल असावी, असे लिहिण्याचा मोह आपल्याला होईल. तो आवरा.

त्यापेक्षा पुरी पाहा. ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानानंतर जगन्नाथ आजारी पडतो असे मानून सुमारे पंधरा दिवस मूर्ती दर्शनातून काढून घेतात, आणि त्या काळात सेवेचा अधिकार दैतापती या सेवेकऱ्यांकडे असतो, जे स्वतःला शबर या आदिवासी जमातीच्या वंशाचे मानतात. देव आडवा झाला की त्याच्याजवळ जाण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो. उत्तरे वेगळी निघाली तर प्रबंधाला अधिक चांगले.

बालाघाट
आभारी आहे. विषयाचे शीर्षक आता ‘मंचकी निद्रेतील मान आणि अधिकार’ असे करून मार्गदर्शकांपुढे ठेवतो. मोडीचे प्राथमिक वर्ग धाराशिव किंवा लातूर भागात कुठे चालतात, हे कोणी सांगू शकेल का?