डीव्हीडी राइट करताना आणि पाहताना आलेल्या अडचणी : आपले अनुभव लिहावेत

मालवण (धागाकर्ती)
आमच्या गावच्या जत्रेतील दहिकाल्याचे (दशावतारी नाटकाचे) चित्रीकरण मिनी-डीव्ही कॅसेटींवर पडून होते. त्यात राजाचे काम करणारे आमचे आजोबा आता नाहीत, म्हणून त्या कॅसेटी संगणकावर उतरवून मी नातेवाइकांसाठी डीव्हीडी तयार केल्या. पहिली डीव्हीडी माझ्या संगणकावर चालली, मात्र कणकवलीच्या आत्याकडील प्लेअरवर 'नो डिस्क' एवढेच उमटले, कारण ती फायनलाइझ करायची, म्हणजे इतर प्लेअरना वाचता यावी अशी बंद करायची, राहून गेली होती. ती चूक सुधारली. तरीही एक अडचण उरलीच : तलवारींच्या लढाईत आत्याच्या जुन्या टीव्हीवर चित्र मागेपुढे थरथरते, संगणकावर मात्र तसे जाणवत नाही. आपणांस आलेले अनुभव कारण आणि उपाय यांसह लिहावेत, ही विनंती.

गुहागर
शिमग्याच्या पालखीची डीव्हीडी करताना मी महिनाभर अडकलो होतो. संगणकावर विंडोज एक्सपी होती. पूर्वी दहा-बारा मिनिटांत होणारी डीव्हीडी राइट व्हायला पाऊण तास लागू लागला, आणि पाहायला घेतली तर ढोलांचा आवाज पुढे जाई व पालखी अडखळत मागून येई. कोऱ्या डिस्कांची कंपनी बदलून पाहिली, फरक पडला नाही. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनेल (डीव्हीडी ड्राइव्हची जोडणी) उघडले, तर तिथे 'अल्ट्रा डीएमए' या वेगवान पद्धतीऐवजी 'पीआयओ मोड' ही संथ पद्धत लिहिलेली दिसली. वाचताना वारंवार चुका आल्या की एक्सपी ड्राइव्हचा वेग पायरीपायरीने उतरवते, पीआयओवर आणून ठेवते, आणि मग ड्राइव्हची सगळी माहिती प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावी लागते. ते चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू केल्यावर वेग परत आला. पंधरवड्याने तोच प्रकार झाला, तेव्हा कॅबिनेट उघडले : खाऱ्या हवेने केबलच्या जोडणीतील पिनांवर तांबूस थर चढला होता. पिना पुसून केबल बदलली आणि त्रास संपला. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी केबल पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

वेंगुर्ले
आमच्याकडे पावसाळ्यात ट्रंकेत ठेवलेल्या डिस्कांवर बुरशीचे धूसर ठिपके आले. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसल्यावर बऱ्याच वाचल्या. गोल फिरवून पुसू नये, कारण तसा ओरखडा माहितीच्या मार्गालाच समांतर पडतो. ज्या माझ्या ड्राइव्हवर उघडल्या नाहीत, त्यांतल्या दोन शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवर उघडल्या.

अलिबाग
आवाज येई, चित्र काळे. कोडेक (चित्र-आवाज उलगडणारे प्रोग्राम) पॅक एकावर एक टाकून मी गोंधळ वाढवला. सगळे काढून टाकले आणि स्वतःचे कोडेक सोबत असलेला व्हीएलसी प्लेअर घातला, तेव्हा चित्र दिसले.

कुडाळ
ताई, आपल्या थरथरीचे कारण फील्डच्या क्रमात असावे. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र सम व विषम ओळींच्या दोन फील्डांत विभागलेले असते. डीव्ही कॅसेटीत खालचे फील्ड आधी येते. डीव्हीडी बनवताना सॉफ्टवेअरमध्ये 'वरचे आधी' निवडले गेले, तर टीव्ही प्रत्येक वेळी नंतरचा क्षण आधी दाखवतो. स्थिर दृश्यात ते कळत नाही, तलवार फिरली की लगेच दिसते. संगणकावरील प्लेअर पुष्कळदा दोन्ही फील्ड एकत्र करून दाखवतो, म्हणून तिथे दोष लपतो. सेटिंग 'खालचे आधी' करून डीव्हीडीसाठीची एमपेग-२ फाइल पुन्हा तयार करावी, शक्यतो ४एक्स (चौपट) वेगाने राइट करून व्हेरिफाय करावे, म्हणजे नीट उतरले का ते तपासावे.

मालवण (धागाकर्ती)
दादा, आपण सांगितले तसेच निघाले. नव्या डीव्हीडीत लढाई स्वच्छ दिसते. आत्याने आजोबांच्या किरीटावर चित्र थांबवले आणि त्यातले कोणते मणी तिने स्वतः ओवले होते, ते टीव्हीला बोट लावून मला दाखवले. एका तासाला सुमारे १३ जीबी लागणाऱ्या मूळ डीव्ही फायली मी आता दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्या आहेत, आणि त्यांतली एक आत्याच्या कपाटात आहे.