काडतूस हेच चलन ठेवलं तर प्लेयर गोळीच झाडंनात, काय करावं?

माळवदावरचा_जीएम
राम राम मंडळी. मी सोडून आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, दर रविवारी संध्याकाळी आमच्या माळवदावर रोलप्लेचा खेळ खेळायला बसतो, म्हणजे प्रत्येक प्लेयर गोष्टीतलं एक पात्र होतो अन् मी जीएम, गोष्ट चालवणारा. सिस्टीम घरचीच आहे, डी२० म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर चालतंय. सेटिंग आपलाच मराठवाडा, सगळं बुडून चाळीस वर्षं झालेत, नोटा कवाच चुलीत गेल्यात. दौलताबादच्या किल्ल्यात एक वस्ती (खंदक अन् अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट, आयतीच मिळाली, म्या काही नकाशा काढायला बसलो नाही), पैठणला धरणावर दुसरी टोळी, अन् लातूरकडं बैलं जुंपून पाण्याचे टँकर ओढणारे तांडे.

चलन काय ठेवावं म्हणून डोकं खाजवत होतो अन् काडतूस ठेवलं. एक काडतूस म्हणजे एक घागर पाणी, बाकी भाव त्यावरून. टेबलावर हिशोबाला चिंचोके. गोळी झाडली की चिंचोका स्टीलच्या डब्यात टाकायचा, टण्ण करून आवाज येतो, पहिल्या दिवशी सगळ्यांला लई भारी वाटलं.

आता लोच्या असा झालाय की कुणी गोळीच झाडंना. मागच्या रविवारी बालाघाटाच्या घाटात लुटारू आले, त्यांच्याकडं बंदुका, अन् आमचे गडी निघाले कुऱ्हाडी घेऊन, एकजण तर मुसळ घेऊन. का रे म्हणलं तर म्हणतो पैशे कोण जाळंल. मेला गडी, अन् मेल्यावर मोजलं तर खिशात ४१ काडतुसं. वरून बाकीच्यांला नकाशावर जालन्याचा एसआरपी, म्हणजे राज्य राखीव पोलिसांचा कॅम्प दिसलाय, तिथलं कोठार फोडायचं म्हणायलेत. हजार-दोन हजार गोळ्या हाती लागल्या तर माझं कॅम्पेन, म्हणजे दर रविवारी पुढं सरकणारी ही गोष्ट, तिथंच झोपलं. चलन बदलू का काय करू?

लातूर_पॅटर्न
बदलू नको. तुझा चलनात घोळ नाहीये, लुटारूंत घोळ आहे. ते कामून गोळ्या झाडायलेत बाबा? त्यांचेबी तेच पैशे आहेत ना. दहा काडतुसं लुटायला बारा काडतुसं उडवणारा लुटारू सहा महिन्यात भिकंला लागतो. तुझ्या जगात लुटारू बंदूक नुस्ती दाखवणार, शिव्या देणार, अन् भाव करणार, अर्धं टाका अन् जा. मारामारी शेवटाला, अन् तवाबी पहिली गोळी कोण झाडतंय ह्याच्यावरच सगळा खेळ. पहिल्या गोळीला मी समोरच्याला मनोधैर्याचा डाइस टाकायला लावतो, कारण ह्या गड्याला पैशाचं काही वाटंना म्हणल्यावर माणूस भितोच.

नांदेडची_ताई
दादा, तुमच्या आज्जी-आजोबांला हाली अन् कलदार विचारून बघा, उत्तर तिथंच आहे. आपल्याकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, रुपया त्याचा वेगळा, तो हाली शिक्का. इंग्रजांचा तो कलदार. सरकारी भाव साधारण ७ हालीला ६ कलदार. माझी आज्जी सांगायची की घरातला बाजारहाट हालीत, पण सोलापूरकडं माल न्यायचा म्हणलं की कलदार लागायचा, अन् हातात कलदार आला की तो कुणी लवकर मोडायचं नाही, लुगड्याच्या गाठीला जायचा.

तसंच करा. जुन्या काळचं, कारखान्यातलं, न गंजलेलं काडतूस म्हणजे कलदार. गावात भरलेलं, कधी उडतंय कधी फुसकं निघतंय ते हाली. झाडायला हाली, मोठ्या सौद्याला कलदार. मॉस्कोच्या मेट्रोतला तो २०१० चा व्हिडिओ गेम खेळला असाल तर त्यातबी हेच आहे, चांगली मिलिटरीची गोळी म्हणजे पैसा, हातानं बनवलेली झाडायला. तुम्ही दोन्ही कामं एकाच चिंचोक्यावर टाकलीत म्हणून प्लेयर अडकलेत.

अजून एक, अन् हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गावातल्या गावात चलन लागतंय कशाला? सुतार-लोहाराला कुणी रोज पैशे मोजत होतं का? सुगी झाली की खळ्यावर बलुतं, सालगड्याला वर्षाची ज्वारी, बाकी सगळी उधारी तोंडावर. म्हणजे दौलताबादच्या वस्तीत तुमचे प्लेयर राहिले तर त्यांला शेर-पायलीनं धान्य मिळावं अन् बदल्यात पहारा, विहीर उपसणं असली कामं यावीत. काडतूस लागतंय ते वेशीच्या बाहेर, अनोळख्या माणसाशी. ज्याचं नाव-गाव माहीत नाही त्यालाच रोकडा मागतेत. मी माझ्या कॅम्पेनमधी हे केलं तवा प्लेयर गावात ओळख वाढवायला धडपडायला लागले, कारण ओळख असली की काडतुसं वाचतेत. एका पोरीनं तर पाटलाच्या घरी लग्नात वाढपी म्हणून दोन दिवस काम केलं, रोलप्ले काय झाला म्हणून सांगू, सगळं सेशन जिलबीत गेलं.

खंदकातला_किल्लेदार
दौलताबाद घेतलंय अन् तुघलक इसरलात? १३२७ ला दिल्लीची राजधानी हलवून इथं आणली, अन् दोन-तीन वर्षात तांब्या-पितळेचं नाणं काढून हे चांदीच्या टंक्याबरोबर धरा म्हणाला. खोटं नाणं ओळखायची काही सोय नव्हती, मग काय, घरोघरी टांकसाळ. लोकांनी सारा भरला तोबी घरच्या पितळेनं. शेवटी ते नाणं मागं घ्यावं लागलं अन् बदल्यात खजिन्यातनं खरं सोनं-चांदी मोजावं लागलं.

ताईंची हाली म्हणजे हीच भानगड होणार, पण होऊ द्या, त्यातच मजा आहे. काडतुसाला चार चिजा लागतेत, पितळेची नळी, दारू, गोळी अन् बुडातली टोपी, प्रायमर. नळी परत वापरता येती, शिसं बॅटरीतलं मिळंल, दारूचं म्हणाल तर धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा फटाक्यासाठीच नावाजलेलं आहे, तिथं एक घराणं बसवा. अडतंय ते प्रायमरवर, ते गावात होत नाही. म्हणजे प्रायमरचा डबा ज्याच्याकडं त्याची टांकसाळ. जालन्याच्या कोठारात पोरांला हजार गोळ्या देऊ नका, रिकाम्या पेट्या अन् एक प्रायमरचा डबा द्या. मग सगळी दुनिया त्यांच्या मागं लागंल, कॅम्पेन झोपत नाही, पळतंय.

अन् फुसक्या काडतुसानं पाणी विकत घेतलेला गडी परत त्याच तांड्याला भेटला पाहिजे बरं का.

दीड_शहाणा_परभणी
माझं मत वेगळं. गोळी हे चलन कागदावर भारी वाटतं, पण बारा बोरच्या छऱ्याच्या बंदूकवाल्याला थ्री-नॉट-थ्री रायफलीचं काडतूस म्हणजे नुस्तं पितळ. तो ते घेईल कामून? अन् बारा बोरचं एक काडतूस ४० ग्रॅमच्या आसपास, शंभर घेतले की चार किलो, वरून पाण्याची पखाल, भाकरी. वजन मोजता का तुम्ही? नसाल मोजत तर आधी ते चालू करा, ४१ काडतुसं खिशात घेऊन माणूस नीट पळत नाही. लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आलती, आपल्याकडं चलन काय होणार हे सांगायला जीएम कशाला पाहिजे.

लातूर_पॅटर्न
पाणी सांडतंय, आटतंय, खिशात मावत नाही. तू पाण्यात पगार घे बरं.

दीड_शहाणा_परभणी
ज्वारी मग. पेवात घातली की टिकती.

माळवदावरचा_जीएम
अपडेट. ताईंचं ऐकलं, बहिणीच्या नेलपॉलिशनं लाल टिकली मारली ते कलदार, बाकीचे साधे हाली. एका कलदारला पाच हाली. हाली झाडली अन् डाइसवर १ किंवा २ आले की फुसकी. काय सांगू, एका सेशनमधी जेवढ्या गोळ्या उडल्या तेवढ्या मागच्या दोन महिन्यात नाही उडल्या, डबा नुस्ता वाजायला. कोठारात प्रायमरचा डबा ठेवलाय, अजून पोचले नाहीत. वजन मोजायचं म्हणलं तर पोरं उठून जायलेत, तेवढं राहू द्या.

पण शेवटी हिशोब लागंना. सुरुवातीला माणशी २० हाली दिले, म्हणजे १२०. तांड्यानं पाण्याचे पैशे तेवढे कलदारात घेतले, त्यामुळं हाली कुठं बाहेर गेलेच नाहीत. डब्यात निघाले ३८. म्हणजे हातात ८२ पाहिजेत ना? निघाले ९३. अकरा चिंचोके वर. किल्लेदार, तुमचा तुघलक आमच्या माळवदावर आला. एकाच्या अंगणात चिंच आहे, नाव घेत नाही, तो इथं वाचतोय.

चोरी धरायची म्हणून सकाळी डबा घ्यायला गेलो, कुठले जुने अन् कुठले नवे ते रंगावरून बघावं म्हणलं, तर आईनं भाजायला टाकलते. लाल टिकलीचे तेवढे वास मारतेत म्हणून बाजूला काढले होते.