वर्गाबाहेर काढलेल्या पोट्ट्याचं काय?

"दंगा करणाऱ्याला तासभर बाहेर उभं केलं की बाकीचे आपोआप गप्प बसतात," असा सल्ला शिक्षकांना दिला जातो. बसतात, खरं आहे. पण बाहेर उभा राहिलेल्याचं काय?

मी उत्तर नागपुरात सातवीला शिकवते. घरी मराठी, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी मुलं एकाच वर्गात. बांधकामावर आलेल्या छत्तीसगढी कुटुंबातला एक पोट्टा रोज दुसऱ्या तासाला कोणाला तरी मारायचा. मीही त्याला दोनदा बाहेर काढलं, त्याचं आजही वाईट वाटतं. मग एकदा शेजारी बसून "का होगे?" (काय झालं?) एवढंच छत्तीसगढीत विचारलं. आपली बोली ऐकून तो रडायलाच लागला. आईबाप सहालाच कामावर जातात, धाकट्या बहिणीचं सगळं आवरून हा उपाशीपोटी येतो. शाळेतला पोषण आहार थेट मधल्या सुट्टीत! तेव्हापासून माझ्या कपाटात फुटाण्यांचा डबा असतो. मराठी आणि छत्तीसगढी दोन्ही येणारी मुलगी त्याच्या बाकावर बसवली. भांडणं थांबली नाहीत, पण आठवड्यातून एखादंच.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नं माराइतकीच मानसिक छळालाही मनाई आहे. सगळ्यांसमोर लाजवणं मला त्यातच वाटतं. त्याच कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक आहे; माझ्यासमोर 52 बसतात. एकेकाजवळ बसायला वेळ कुठून आणायचा, यावर मात्र बोलायलाच हवं. मी सध्या प्रार्थनेआधीची दहा मिनिटं वापरते, रोज दोन मुलं.